उसनं स्वप्न

३ मार्च

चि. बाळे हिला तिच्या ताईचे आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यांत आधी आल्या त्या भिंगरीच्या गुरुबाई. भिंगरी मागाहून, जिन्यात फोनवर बोलत बोलत. म्हणजे बघ, नात माझी, आणि दारात उभी परकी बाई, नि माझ्या हातात फरशी पुसायचं फडकं! गुरुबाई पांढऱ्या केसांच्या, उंच. चपला इतक्या हळू काढतात की वाटावं चपलांना झोप लागलीय.

तुला ठाऊकच आहे, आपली भिंगरी मनाची डॉक्टरीण व्हायला निघालीय. आता त्यांच्या शिकण्यात असं आलंय की म्हाताऱ्या माणसांना गाठायचं आणि त्यांची स्वप्नं ऐकायची. स्वप्नं म्हणजे नेणिवेतून वर आलेले निरोप, असं गुरुबाई म्हणाल्या. नेणीव म्हणजे काय ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, मनाचं तळघर. आपण वर राहतो आणि खाली काय काय ठेवलंय ते विसरून जातो. मी म्हटलं, बाई, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, आमच्या तळघरात पाण्याचा पंप आहे. भिंगरी खो खो हसली. गुरुबाईही हसल्या, पण त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं!

मग विचारलं, तुम्हाला स्वप्नं पडतात का. आणि माझी जीभ कशी बघ. मी ऐटीत सांगितलं की छे, एकही नाही, अंग टाकलं की मी ओंडका. झोपेचा मला भारी अभिमान ना! त्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, चहा संपवला, आणि भिंगरी उठता उठता म्हणाली, बरं आजी, मग आम्ही मावशीआजीकडे जातो.

अगं, तुझ्याकडे! तिच्या वेण्या घातल्या मी, दुधाचे दात दोरा बांधून काढले मी, परीक्षेच्या दिवशी तिच्याबरोबर उपाशी राहिले मी, आणि मनातलं ऐकायला तुझ्याकडे. तोंडाने मी हसून बरं म्हटलं. पण पोटात असं दुखलं की लेकीने डॉक्टरकडे न्यायची भाषा सुरू केली.

काल दुपारभर म्हणे तुझ्याकडे बैठक झाली. काय सांगितलंस ते सगळं लिही, एक अक्षर गाळू नकोस. फोन करू नकोस, फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस आणि माझं राहून जातं. बिस्किटं कुठली दिलीस तेही कळव. जावई तुझ्या गुडघ्याचं विचारत होते.

माझ्यावर लोभ आहेच, तो वाढव. माझ्या नातीवरचा जरा आवर.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे. बिस्किटं साधीच दिली, पण भिंगरीने सहा खाल्ली. तुझ्याकडे ती एकच खाते असं ऐकते.

आता स्वप्न. मी एका लिफ्टमध्ये एकटी उभी आहे. लिफ्ट वर जायच्या ऐवजी आडवी धावते आहे, आगगाडीसारखी. थांबते ती थेट आपल्या बाबांच्या घड्याळांच्या दुकानात. भिंतीभर घड्याळं आहेत आणि सगळी बंद. बाबा भिंगावरून मान वर न करता माझ्या हातात चावी ठेवतात. मी एकेका घड्याळाला चावी देत जाते, आणि टिकटिक वाढत जाते. बस, एवढंच.

सांगताना मला काही विशेष वाटलं नव्हतं. पण गुरुबाईंनी विचारलं की चावी हाताला कशी लागली. मी म्हटलं, गरम. बाबांच्या मुठीतली होती ना. आणि ताई, मला एकदम भरून आलं. बँकेत एवढी वर्षं खुर्चीवर बसले, कोणासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. भिंगरी शेजारी सरकली आणि कितीतरी वेळ माझा हात धरून बसली.

आता त्या दर गुरुवारी येणार आहेत. माझं अंतर्मन फार बोलकं आहे असं गुरुबाईंचं मत पडलं. तू अगदी जिवाला लावून घेऊ नकोस, ज्याची त्याची घडण असते. तुझी झोप अशीच गाढ राहो.

तुझ्या मायेत कमी पडू देऊ नकोस, ही विनंती.

तुझी धाकटी

२० मार्च

चि. बाळे हिला आशीर्वाद, आणि शेवटपर्यंत वाचायची तंबी. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि माझी चहाची कपबशी गॅलरीतल्या कुंडीत रिकामी झाली. अंतर्मन बोलकं म्हणे! हात धरून बसली म्हणे! सहा बिस्किटं! मी दोन दिवस भिंगरीशी फोनवर तुटक बोलले. ती विचारी, आजी, काय झालं? मी म्हणे, कुठे काय. तिसऱ्या दिवशी मात्र मीच फोन केला आणि ठोकून दिलं की मला स्वप्नं पडायला लागलीत, बंद नळाला अचानक पाणी यावं तशी. रविवारी दोघी हजर. मी नवा पडदा लावला, केस विंचरले, दम घेतला आणि तुझं स्वप्न माझं म्हणून सांगितलं.

रागावू नकोस, आधी ऐक. मी असा विचार केला की बाबा माझेही, दुकान माझंही, म्हणजे निम्मं स्वप्न तर माझंच. लिफ्ट तेवढी पूर्ण तुझी, ती मी उसनी घेतली.

लिफ्टपर्यंत मी अगदी झोकात आले. आडवी धावते, आगगाडीसारखी, सगळं बिनचूक. पुढे म्हणायचं होतं की बाबांनी माझ्या हातात चावी ठेवली. आणि काय झालं कोणास ठाऊक, तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणाले, बाबांनी चावी धाकटीच्या हातात ठेवली. ती फ्रॉकमध्ये होती, मला ओलांडून पुढे गेली. आणि मी लिफ्टमध्येच, दाराला हात लावून उभी, दार मिटू नये म्हणून.

हे मी ठरवलं नव्हतं गं. मी स्वतःच ऐकत बसले.

भिंगरीने हळूच विचारलं, हात काढलास तर काय होईल? मी म्हटलं, काढून कसं चालेल, मग ती परत कशी येणार? तिने विचारलं, आणि तुला आत जायचं होतं का? एवढं साधं विचारलं बघ. मी म्हणाले, म्हणजे काय, मलाही घड्याळं आवडायची. आणि जे रडू आलं ते नाकाडोळ्यांतून, नवा पडदाच डोळ्यांना लावला.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझी शाळा सुटली, हे काय मला आजच कळलं? तुला शाळेत पोचवायचं, परत यायचं, चूल बघायची, पुन्हा तुला आणायला फाटकाशी उभं राहायचं. शाळा सुटली की तू बाबांच्या दुकानात, मी घरी. ते सगळं मी कधीच झटकून टाकलंय असं मला वाटायचं. ते खाली पंपाशेजारी बसून होतं की!

मी डोळे पुसल्यावर भिंगरी म्हणाली, आजी, ही लिफ्ट आम्ही आधी एकदा पाहिलीय. अगं, जमीन दुभंगेल तर बरं असं झालं मला. पण तिने मला कुशीत घेतलं आणि म्हणाली, स्वप्न उसनं असेना का, दार धरून उभी असलेली मुलगी तुला कोणी उसनी दिली नाही, ती तुझीच आहे. गुरुबाई चष्मा पुसत होत्या, इतका वेळ पुसत होत्या.

तेव्हा आता स्पष्ट लिहिते. मी तुझ्यावर जळते, बाळे. नुसती नातीवरून नाही, चावीवरून. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. उलट भूक लागली. बिस्किटांचा पुडा मी एकटीने संपवला.

चिडलीस तर चीड, पण पत्र टाकायचं थांबवू नकोस.

तुझी ताई

२६ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चिडले. पत्र टेबलावर आपटलं, चहा केला, परत वाचलं, परत आपटलं. दुसऱ्याच्या पर्समधून रुमाल घ्यावा तसं माझं स्वप्न उचललंस, वर निम्मं माझंच म्हणतेस!

पण तू चावीवरून जळतेस, म्हणून सांगते. दुकानात बाबा माझ्याशी चार शब्द बोलत नसत. मी चावी द्यायची, ते भिंगात बघायचे. संध्याकाळी घरी आले की तुझ्या हातचा चहा घ्यायचे आणि दिवसभराचं सगळं तुला सांगायचे, कोण गिऱ्हाईक भांडलं, कुणाचं घड्याळ नीट होत नाही. मी अभ्यासाचं नाव करून दाराआड ऐकत असे. मला एकदाही सांगितलं नाही त्यांनी. तू जळायला आता सुरुवात केलीस, माझं अख्खं लहानपण त्यात गेलं.

गुरुवारी हे गुरुबाईंना सांगितलं. रात्रंदिवस मला एकच लागून राहिलंय. माझ्या स्वप्नात तू नव्हतीसच, ताई. दुकान होतं, बाबा होते, मी होते. तुला मी घेतलंच नव्हतं. तू आपण होऊन आलीस आणि आल्या आल्या माझ्यासाठी दार धरून उभी राहिलीस.

पुढची बैठक तुझ्याकडे ठेवा असं मी भिंगरीला सांगितलंय. मीही येईन म्हणते, चालणार असेल तर.

राग आहे, आणि लोभही. दोन्ही सांभाळून घे.

तुझी धाकटी

४ एप्रिल

चि. बाळे हिला आशीर्वाद. वि. वि.

चालणार असेल तर म्हणे! तुझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची ठेवलीय, गुडघा लांब करता येईल अशी. बाबांच्या चहाचं वाचलं आणि मी लेकीला दोनदा वाचून दाखवलं. ते मला सांगायचे ते फारसं मला कळायचं नाही गं. पण मी मान हलवायचे. आता तू ये, जेवढं आठवतंय तेवढं तुला सांगते.

आणि एक. काल दुपारी रेडिओ ऐकता ऐकता डोळा लागला आणि मला स्वप्न पडलं. खरं, माझं स्वतःचं. लिफ्ट नाही, दुकान नाही. छोटंसंच आहे, पण नवंकोरं. निसटू नये म्हणून भांडी घासताना मी ते मनात घोकत होते. लेकीला सांगितलं नाही, जावयांना नाही, आणि तुला तर मुळीच नाही. स्वप्न पत्रात लिहिलं की त्याचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. एवढंच सांगते की तू त्यात आहेस, आणि दारबीर काही धरून ठेवायचं काम मला नाही.

बाकीचं आधी भिंगरीला. निदान एकदा तरी तिने सगळ्यांच्या आधी माझं ऐकावं.

तुझ्या ताईवर जशी जळतेस तशीच जळत राहा, माया आपोआप राहील.

तुझी ताई

ता. क. भिंगरी आणि गुरुबाई येत्या रविवारी चारला येतो म्हणाल्यात. तू पाचला ये.