मोजडीचा डावा पाय

१२ नोव्हेंबर, बुधवार

दादाने माझ्या ब्लॉगवर स्वतःचा मोबाईल नंबर टाकायला लावला. माझ्या! चार वर्षं मी लिहितेय. घोड्याच्या पोटात दुखलं तर काय करायचं, खूर कसा साफ करायचा, वडिलांच्या, आप्पांच्या तोंडून ऐकलेलं सगळं. तेव्हा हाच अजितदादा म्हणायचा, ‘रिकामटेकडीना धंदा शे.’ आता कुणीतरी त्याला सांगितलं की सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेआधी लोक माझं पान बघतात. झाला लगेच आयत्या बिळावर नागोबा!

आणि पानावर लाल चौकट करून त्यात काय लिहायला लावलं? ‘विक्रीस — घोडी मोजडी, वय चार वर्षं.’

मोजडीची आई महाखट होती, आप्पांची डावी करंगळी अर्धी तिनेच तोडून नेली. मोजडी जन्मली आणि आई मेली. मग ह्या शिंगराला मी बाटलीने शेळीचं दूध पाजलं. सगळी काळी, फक्त मागच्या उजव्या पायाला पांढरा मोजा, म्हणून मोजडी. नाव मी ठेवलं. दादाने काय ठेवलं? किंमत!

१३ नोव्हेंबर

आजच्या फर्माइशी — यात्रेला किती दिवस उरले त्याचं उलटं घड्याळ. व्हॉट्सअॅपचं हिरवं बटण. धावती पट्टी. आणि पानावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या पाहिजेत. लग्न आहे का कुणाचं?

त्याला म्हटलं, प्रत्येक गोष्टीला वेगळं प्लगइन जोडावं लागतं. मग हवं तिथे चौकोनी कंसात शॉर्टकोडची ओळ लिहायची, तेव्हा ती गोष्ट तिथे दिसते. जास्त प्लगइन झाली की पान उघडायला वेळ लागतो.

‘तुन्हं काय जास? दोन कंस तर टाकाना शेत!’

दोन कंस. ये ना, टाक ना तूच!

१५ नोव्हेंबर

पाकळ्यांचं प्लगइन आणि घड्याळाचं प्लगइन एकमेकांना भिडली. आख्खा ब्लॉग पांढरा फटक. दादा मित्रांना दाखवत होता नेमका तेव्हाच. सगळ्यांसमोर म्हणाला, ‘हिले काहीच येत नही.’

सर्व्हरवर जाऊन पाकळ्यांचं फोल्डर उडवलं, तेव्हा पान परत आलं. दुपार गेली सगळी. थँक्यू राहू दे, उष्टा कप पण माझ्या लॅपटॉपवर ठेवून गेला मेला.

१८ नोव्हेंबर

आज स्पष्ट बोलले. मोजडी विकायची नाही. दारात अजून दोन घोडे आहेत, त्यातला विका. मोजडी माझी आहे.

दादा हसला. ‘तुन्ही? तुन्हं लगीन व्हई तवय घोडी संगे लई जाशी का?’

मी आप्पांकडे पाहिलं. यात्रेत तीस वर्षं ज्यांचा शब्द चालतो ते आप्पा! ते म्हणाले, ‘अजित म्हनस तसं करूत.’ इतका राग आला त्यांचा. दादाचा तर रोजचाच आहे, पण आप्पांचा पहिल्यांदा आला. मी जेवले नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!!

घोड्यांचे फोटो ज्या गॅलरीच्या प्लगइनमधून दिसतात, त्याच्या शॉर्टकोडमध्ये एक पर्याय आहे. ‘मिरर’ लिहायचं, पुढे ‘येस’. फोटो आरशात दिसतो तसा फिरतो. डावं ते उजवं, उजवं ते डावं.

आणि घोडेवाले आधी काय बघतात? पाय! मागचा उजवा पांढरा म्हणजे घरात लक्ष्मी. एकटा डावा पांढरा म्हणजे खोड, धनी बुडवतो. आप्पाच सांगतात असं आणि गिऱ्हाइकं मान हलवतात. माझा विश्वास नाही. पण त्यांचा आहे ना, बस झालं.

फोटो निरखून पाहिला. आप्पा दोर धरून उभे, मागे नुसती भिंत. पाटी नाही, अक्षर नाही. आयाळ दुसरीकडे पडलेली दिसते, पण ती कोण बघतंय? दादा तर फोटो बघतच नाही, किती जणांनी पान उघडलं तेवढा आकडा बघतो.

एक शब्द लिहिला आणि सेव्ह केलं. मोजडीला खोड लागली. दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.

२४ नोव्हेंबर

फोन बंद! आधी रोज पाच-सहा यायचे, आता एकही नाही. दादा पिंजऱ्यातल्या उंदरासारखा फिरतोय. म्हणतो, ‘तुन्हं बटन खराब शे.’ बटण उत्तम चालतंय रे बाबा!

संध्याकाळी त्याला एक मेसेज आला. ‘खोडीची घोडी आहे, माफ करा.’ दादा म्हणाला, ‘लोके याडा व्हयी गयात,’ आणि आप्पांना दाखवला. आप्पांनी माझा ब्लॉग उघडायला लावला, चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं. फोन परत देत म्हणाले, ‘घोडी बराबर शे,’ आणि वैरण टाकायला गेले.

वाचले.

३० नोव्हेंबर

एकही फोन नाही, तरी दादा मोजडीला यात्रेत नेणार. म्हणतो, समोर पाहिल्यावर लोक घेतात. वर शहाद्याहून एक मोठा कागद छापून आणलाय, काळ्या चौकटींचा. मोबाईलने टिपला की सरळ माझा ब्लॉग उघडतो. हा म्हणे तंबूच्या दाराला लावायचा. याला अक्कल आहे तेवढी मिरवायलाच!

नेऊ दे. ब्लॉगवर जी बदनाम झाली ती तिथे कोण घेणार?

६ डिसेंबर, शनिवार

सगळं लिहून काढते.

दुपारी यात्रेतल्या तंबूत चुनीलालकाका आले. आप्पांचे जुने दोस्त, दर यात्रेत आमच्याच तंबूत चहा पितात. मोजडी त्यांना आवडली. पाय पाहिला, उजवा. खूश झाले. जाता जाता त्यांच्या नातवाने दारावरचा कागद मोबाईलने टिपला. ब्लॉग उघडला. फोटोत पांढरा पाय डावा.

नातू ओरडला, ‘रंग लायेल शे! डावा पाय काया करेल शे, उजवा धवळा!’

बघता बघता शंभर माणसं. कुणी पेट्रोलचा बोळा आणला. घासला तिचा पाय. आधी पांढरा, मग काळा. मोजडी लाथा झाडत होती, आप्पा तिची मान धरून उभे होते. रंग निघालाच नाही, कुठून निघणार? तर म्हणे पक्का रंग आहे, परदेशी आहे. चुनीलालकाका इतकंच म्हणाले, ‘आप्पा, तू बी?’ आणि चहा न घेता गेले. दादा नातवाच्या अंगावर धावला तर लोकांनी त्याचाच शर्ट फाडला.

मी गर्दीत फोनवर तो शब्द पुसत होते. मिरर काढलं, सेव्ह केलं, पान परत उघडलं — तोच फोटो! कॅशेचं प्लगइन साठवून ठेवलेलं जुनंच पान दाखवत होतं. ते रिकामं करायचं सुचेपर्यंत लोकांनी स्क्रीनशॉट काढून गावोगाव पाठवले होते.

तोंडाने सांगता आलं असतं. हे मी केलं, फोटो मी फिरवला. चार पावलांवर होते आप्पा. बोलले नाही. भ्याले मी.

७ डिसेंबर

मोजडी घरी आली. पाय सुजलाय, खोबरेल लावलं. मला हवं होतं तेच झालं. दादा ओसरीत पडून आहे, नेहमीसारखं ओरडतसुद्धा नाही. आप्पा गावात गेलेच नाहीत. दुधाला मी गेले तर डेअरीवर एकाने विचारलं, ‘कोनता रंग वापरतस तुम्हना आप्पा?’

त्याच्या अंगावर किटली फेकावीशी वाटली. पण किटली कुणावर फेकायची ते मला माहीत आहे.

९ डिसेंबर

गोठ्यात आप्पांना सांगायला गेले. ‘आप्पा, तो फोटो...’ एवढंच निघालं तोंडातून. त्यांनी खिशातून फोन काढला. त्यांच्याकडेही कुणीतरी तो स्क्रीनशॉट पाठवलाय. त्यात दोर धरलेला त्यांचा उजवा हात. त्या उजव्या हाताची करंगळी अर्धी.

आप्पांनी आपला डावा हात फोनशेजारी धरला.

‘मेसेज उना त्याच दिन देखं मी,’ म्हणाले. ‘तुले घोडी इतली पाहिजे व्हती, तं माले एकलाले सांगती.’