सिस्टरला मी 'नाही' म्हणाले

परभणी,
मंगळवार, १३ मे

प्रिय हेमा,

अनेक आशीर्वाद. गाडीत काही खाल्लंस का? इथे ऊन नुसतं पेटलंय, दवाखान्याबाहेर पाय टाकवत नाही. हे मघाशीच औषधं आणायला गेलेत. तू आलीस की हे पत्र तुझ्या हातात देईन आणि वाचून होईपर्यंत समोर उभी राहीन. तोंडाने सांगायचं धाडस माझ्यात नाही.

मधू अजून अतिदक्षता विभागात आहे. रक्तदाब औषधांवर धरून ठेवलाय. उद्यापर्यंत काहीच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मला फार भीती वाटते गं. यंत्राचा आवाज जरा बदलला की मी नर्सला हाक मारते.

काल फोनवर मी तुला नको ते बोलले. "तुझ्या त्या टॅम्पॉनने माझी पोर घालवलीस," असं ओरडले. पोहण्याच्या शिबिरासाठी तू तिला ते दिलंस, पाळीत ते आत कसं बसवायचं ते समजावलंस, आठ तासांच्या आत बदलायचंच, हेही बजावलंस. मला हे ठाऊक होतं. मधूनेच सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी तिची पाळी आली. घरात नृसिंहाचं नवरात्र, दुसऱ्या दिवशी जयंती, चाळीस पानं जेवायला. धाकट्या जाऊबाई आदल्याच दिवशी बाजूला बसलेल्या. आता मधूही बसली, तर माझ्या हाताखाली कोण? मी म्हणाले, "मावशीनं दिलेलं हाय ना? ते वापर अन् कुणाला बोलू नको."

संध्याकाळी ती बदलायला निघाली. आमची मोरी स्वयंपाकघराला लागून, भावकीतल्या बायका तिथेच पुरणाची तयारी करत बसलेल्या. हातातली कागदाची पुडी कुणी पाहिली असती. "राहू दे उद्यापर्यंत," मी म्हणाले.

"आई, मावशी आठ तास म्हणली."

"मावशीला पुण्यात बसून बोलायला काय जातंय!"

हे मी म्हणाले, हेमा. माझ्याच तोंडाने.

रविवारी आरतीच्या वेळी तिला ताप भरला. रात्री उलट्या, जुलाब. अंग भाजल्यासारखं लालभडक झालं. सासूबाई म्हणाल्या, "लेकराला ऊन बाधलं." आम्ही तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं. ऊनच असेल, असं मीही स्वतःला पटवलं. सकाळी ती मोरीच्या दारातच कोसळली. मानवतहून गाडी करून इथे आणलं.

धम्मशीला नावाच्या सिस्टर आहेत. त्यांनी आल्याआल्या विचारलं, "पोरीची पाळी चालू हाय का, ताई?"

सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी "नाही" म्हणाले.

पोर डोळे फिरवत होती आणि माझ्या डोक्यात काय, तर तिच्या हातचा नैवेद्य देवाला गेलाय, हे आता सगळ्यांना कळेल. तासाभराने लघवीची नळी घालताना सिस्टरना टॅम्पॉनचा दोरा दिसला. त्यांनी ते काढलं आणि मला बाजूला नेलं. "तवाच सांगायचं होतं ना, ताई. ते लय वेळ आत राहिलं की अंगात विष भिनतं, असल्या आजारात एक तास लय होतो." त्यांचा आवाज चढलाही नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी मधूने डोळे उघडले. ओठ फुटलेले, आवाज जेमतेम. पाणी मागेल असं वाटलं, म्हणून मी वाकले. तर म्हणाली, "आई, आजीला कळलं का?"

मरणाच्या दारात पडलेल्या माझ्या लेकीला भीती याची होती! मी नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. ती परत ग्लानीत गेली.

सासूबाई बाहेर बाकावर जप करत बसल्यात. हे पत्र मिटलं की मी त्यांच्याजवळ जाऊन सगळं सांगणार आहे. काय बोलायचं ते बोलोत. मग आत जाऊन मधूच्या कानाशी म्हणेन, हो, कळलं, मीच सांगितलं, तुझी काही चूक नाही.

एवढं ऐकायला तरी तिने डोळे उघडायला हवेत.

अजून ताई म्हणणार असलीस तर,
तुझी
ताई