येगरची बायको

११ फेब्रुवारी
घातलं नाव! शिकाऱ्यांच्या वर्गात, एकसष्टाव्या वर्षी. व्होल्कमारला पत्ता नाही. त्याला सांगितलंय की मंगळवार-गुरुवार समूहगानाला जाते. माझा आवाज माहीत असलेल्या माणसाने यावर विश्वास ठेवू नये. पण त्याने मान डोलावली, टोपी घातली आणि निघाला मचाणावर.

लग्नाला सहा वर्षं झाली. रोज संध्याकाळी नवरा जंगलात मचाणावर आणि मी सोफ्यावर. ‘तुला शिकारीचं लायसन नाही, तुला नेता येत नाही,’ हे उत्तर ऐकून कान किटले. डिसेंबरात तो पासष्ट पूर्ण करील. त्या दिवशी लायसन त्याच्या ताटात ठेवीन आणि म्हणेन, सरक जरा. शेजारी बसू दे.

१३ फेब्रुवारी
श्टोव्हरबाई शिकवतात. कडक बाई. पहिल्याच दिवशी विचारलं, “येगर म्हणजे कोण?” कुणीतरी म्हणालं, शिकारी. बाई म्हणाल्या, “तेवढंच असतं तर बरं झालं असतं!”

खरंच आहे. मी पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टची, इथे पश्चिमेला झाउअरलांडात लग्न करून आले, तेव्हा पहिलं भांडण येगर श्निट्झेल नावाच्या पदार्थावरून. माझ्या माहेरी ते म्हणजे सॉसेजची जाड चकती, पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेली, वर टोमॅटोचा रस्सा. ते वाढलं. व्होल्कमारने ताटाकडे असं पाहिलं की मला वाटलं कुणी गेलं की काय. “अगं, मश्रूम कुठेयत?” मी म्हटलं, “शिकारी तू आहेस, आण शोधून!” दोन दिवस अबोला.

२७ फेब्रुवारी
शिकाऱ्यांची भाषा पाठ करतेय. जनावराच्या रक्ताला म्हणायचं घाम. सशाच्या कानांना चमचे. डोळ्यांना दिवे. चुकून ‘रक्त’ म्हणालं की सगळ्या वर्गाला एकेक पेला पाजायचा — तोही त्या काळ्या कडू दारूचा, जिच्या बाटलीवर येगर लिहिलेलं असतं. मी आज तीनदा चुकले. सगळे माझ्यावर फार खूश आहेत.

२८ फेब्रुवारी
डोकं दुखतंय.

१९ मार्च
आता जिकडेतिकडे येगरच दिसतात. व्होल्कमार सकाळी बागेचं कुंपण रंगवत होता, फुल्याफुल्यांचं, त्याचंही नाव येगर-कुंपण. डोक्यावरून लढाऊ विमान गेलं — तेही येगर! भाचा लष्कराच्या येगर पलटणीत आहे, त्याने आजवर सशावर दगडसुद्धा मारलेला नाही. आणि समोरची बाई सेल लागला की सहा वाजता दुकानाच्या दाराशी उभी, तिला म्हणतात स्वस्ताईची येगर.

पण आमच्या गावात नुसतं “काय येगर, बरंय ना?” म्हटलं की एकच माणूस वळून बघतो. माझा नवरा. बेकरीत, पोस्टात, चर्चच्या पायरीवर, सगळे त्याला असंच हाक मारतात. मला मनातून अभिमान वाटतो. लिहायला काय हरकत आहे.

८ मे
आज कायदा शिकवला. ज्याला लायसन त्याच्या बंदुका त्याच्याच ताब्यात, कुलूपबंद लोखंडी कपाटात. किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती जाता कामा नये. बायकोच्याही नाही.

आमच्या घरी लोखंडी म्हणावं असं एकच — माझा तवा. व्होल्कमार म्हणतो बंदुका क्रोलमानकडे असतात, त्याच्याकडे जागा जास्त आहे. क्रोलमान म्हणजे त्याचा जुना मित्र, इथलं शिकारीचं रान त्याच्याकडे आहे. पण सहा वर्षांत मी माझ्या नवऱ्याच्या हातात एकदाही बंदूक पाहिलेली नाही. वर्गात बसल्या बसल्या हे लक्षात आलं.

९ मे
व्होल्कमार मचाणावर नेतो तो थर्मास धुतला. आत कॉफीचा तळ. पिशवीत कप दोन! दोन्ही उष्टे.

१२ मे
आणखी एक येगर असतो, तो श्टोव्हरबाईंनी शिकवला नाही. ॲप्रन-येगर. बायकांच्या मागे धावणारा. चौसष्टाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना — कोण असेल ती? तिला माझ्यापेक्षा बरी कॉफी करता येत नाही एवढं नक्की, कारण कॉफी माझीच घेऊन जातो!

लिहिताना हसू आलं, मग रडले. माझा पहिला नवरा अकरा वर्षं आजारी होता. व्होल्कमार भेटल्यावर वाटलं होतं, आता कुणीतरी माझ्यासाठी संध्याकाळी घरी येईल. मला हा माणूस हवाय. खोटारडा असला तर काय करायचं, ते अजून ठरवलेलं नाही.

१३ मे
वर्ग सोडणार नाही. आता तर मुळीच नाही.

२० सप्टेंबर
पास! लेखीत दोन चुका. तोंडीत एकदाही ‘रक्त’ म्हणाले नाही. नेमबाजीत मातीच्या दहापैकी सात तबकड्या फोडल्या. श्टोव्हरबाईंनी विचारलं, “एवढा राग कुठून आणलात हो?” काय सांगणार! तिचं नाव माहीत नाही, म्हणून प्रत्येक तबकडीला मी वेगळं नाव दिलं होतं.

लायसन शिवणाच्या डब्यात ठेवलंय. बंदूक श्टोव्हरबाई त्यांची देणार आहेत, वर्गातून पास झालेल्यांना पहिल्या शिकारीला देतात.

२५ ऑक्टोबर
क्रोलमानला गाठलं. नोव्हेंबरात त्याच्या रानात रानडुकरांचा हाका आहे, म्हणजे आरडाओरडा करून डुकरं शिकाऱ्यांसमोर आणायची; मला जागा दे म्हटलं. तो मिशीत हसला. “देतो की, गुंडुलाबाई.” व्होल्कमारला सांगू नकोस म्हटलं, तर खोकल्याची उबळ आली त्याला. पाणी द्यावं लागलं.

व्होल्कमार शिकारी म्हणून कुठल्या जागेवर असेल, हे मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

१४ नोव्हेंबर
क्रोलमानचा फोन. उद्या सकाळी नऊला थेट जागेवर जायचं. ओढ्याजवळ, सात नंबर. घरी सांगितलंय की बहिणीकडे एरफुर्टला जाते. व्होल्कमार म्हणाला, “तिला माझा नमस्कार सांग.” उद्या तो नसेलच तिथे. मग मला कळेल, शिकार नुसतं निमित्त आहे.

१५ नोव्हेंबर
बूटही न काढता, नवीन पान उघडून लिहिते.

सात नंबरवर उभी होते. खाली झाडीतून हाका घालणारे येत होते, काठ्या आपटत, ओरडत. एकदम डुक्कर बाहेर आलं, मोठं, आडवं, पन्नास पावलांवर. बंदूक खांद्याला लागली. आणि त्याच्या मागून, झुडपातून, नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस निघाला. काठी घेऊन “होप्! होप्!” करत.

व्होल्कमार!

मी नळी खाली केली. डुक्कर ओढा ओलांडून गेलं. मी खांबासारखी उभी. तो दचकला नाही. टोपी काढून नुसता थांबला. माझ्या तोंडून पहिलं काय निघावं?

“थर्मासमधला दुसरा कप कुणाचा?”

“क्रोलमानचा,” तो म्हणाला. “त्याला बिनसाखरेची लागते.”

दुपारी खानावळीत जेवण, आणि जेवणानंतर रिवाजाप्रमाणे शिकाऱ्यांचं खोटं-खोटं कोर्ट. क्रोलमान न्यायाधीश, टेबलक्लॉथ अंगावर घेऊन. “गुंडुलाबाई, आडवं डुक्कर समोर असून गोळी का झाडली नाही?” मी म्हटलं, “मागे माझा नवरा होता.” हशाने खिडक्या हादरल्या. मग व्होल्कमार हाका घालणाऱ्यांच्या बाकावरून उठला. “तीनदा नापास झालो,” तो म्हणाला. “तिन्ही वेळा नेमबाजीत. चाप ओढताना डोळे मिटतात. म्हणून हाका घालतो, मचाणांच्या शिड्या दुरुस्त करतो, क्रोलमानच्या शेजारी बसून हरणं मोजतो. येगर म्हणून तुम्ही चिडवता, आणि बायकोला ते खरं वाटत होतं. मी वाटू दिलं.”

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं, एक मी सोडून! रागाने कान तापले. पण तो टोपी हातात धरून असा उभा होता की मी टेबलावर थाप मारली. “हसून झालं असेल तर पुरे! माझा नवरा आहे तो.” मग क्रोलमानने दोघांनाही दोषी ठरवलं, आणि सगळ्यांना एकेक पेला पाजण्याची शिक्षा दिली. त्या काळ्या कडूचाच.

१६ नोव्हेंबर
सकाळी स्वयंपाकघरात बोललो. तो म्हणाला, “तू माझ्याशी पहिल्यांदा नाचलीस तेव्हा मी येगर आहे म्हणालो होतो. नंतर खरं सांगितलं तर तू जाशील असं वाटलं.”

“अरे, तू येगर म्हणून मी नाचले नव्हते. त्या दुपारी दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं.”

त्याने कप खाली ठेवला. “मग सहा वर्षं मी उगाच थंडीत बसलो?”

“मीही उगाच सोफ्यावर.”

१८ नोव्हेंबर
मचाणावर दोघं. मी लायसनवाली, तो पाहुणा. सात हरणं आली. बंदूक नेलीच नव्हती.

२१ नोव्हेंबर
सामानाची यादी करायला वहीची पानं मागे उलटली. चौदा तारखेच्या खाली, अगदी कडेला, पेन्सिलीने बारीक लिहिलंय. अक्षर माझं नाही.

‘सात नंबरसमोरूनच बाहेर येईन. तोंडाने सांगायला जमत नाही. झाडण्याआधी एकदा नीट बघ.’