ज्याने आवळलं त्याने सोडावं

प्रिय टॉवरसाहेब,

दचकू नकोस, ताईच लिहिते आहे. तुला ‘धाकट्या’ म्हणणारी आता मी एकटीच उरले आहे, पण काल रेडिओवर तुझं हे दुसरं नाव घेतलं, तेव्हा म्हटलं आपणही जरा अदबीने सुरुवात करावी. रेडिओचा जुना मनोरा उतरवण्याचं काम निम्म्यावर आलंय, येत्या रविवारी त्याच्या पायथ्याशी समारंभ आहे, आणि तो बांधताना जीव धोक्यात घालून वर चढलेला शूर तरुण, म्हणजे आमचे टॉवरसाहेब, प्रमुख पाहुणे आहेत, असं ती निवेदिका इतक्या गोड आवाजात म्हणाली की माझ्या हातातला चहा गार झाला. मी चहा गार होऊ देणारी बाई नाही, हे तुला माहीत आहे.

तुझी तब्येत विचारत नाही. तुझी नात परवा येऊन सांगून गेली की आजोबा ठणठणीत आहेत, दोन्ही वेळ व्यवस्थित जेवतात आणि फोनवर तर फारच छान बोलतात. त्या फोनमुळेच हे पत्र लिहायची वेळ आली. पोर उंचावरच्या कामाचं शिक्षण घेऊन पहिली आली, मनोरा उतरवणाऱ्या टोळीत तिची निवड झाली, कमरेचा पट्टा आणि हेल्मेट घरी आलं, आणि तू मोठ्या साहेबांना एक फोन करून तिचं नाव कापायला लावलंस. आता ती ऑफिसात बसून तुझ्याच समारंभाच्या पाहुण्यांना पास वाटते. तिला म्हणालास म्हणे, आपल्या घरातल्या बायकांना उंची सोसत नाही, तुझी आजी तर स्टुलावर चढली तरी डोळे मिटायची. खरं आहे. तुझी बायको मिटायची डोळे, मी पाहिलंय. पण आपल्या घरात बाई काय ती एकटीच होती का रे?

मनोरा बांधायला घेतला तेव्हाची ती जागा आठवून बघ. सगळी दलदल. पायासाठी खड्डा खणला की सकाळपर्यंत त्यात पाणी भरलेलं असायचं आणि बेडूक ओरडत असायचे. आपण पत्र्याच्या खोल्यांत राहायचो, टोळीची सगळी बिऱ्हाडं एका रांगेत. बाबा टोळीचे मुकादम. दोर गुंडाळायच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती, म्हणून ते खाली उभे राहून झेंड्यांनी खुणा करायचे, आणि वर बाबांचे डोळे आणि हात म्हणजे आपला काका. लोखंडाचा एकेक तुकडा कप्पीने वर चढायचा, काका तो आधीच्या तुकड्यावर बसवायचा, बोल्ट आवळायचा, आवळलेल्या प्रत्येक बोल्टला लाल रंगाचा ठिपका द्यायचा. त्याचा डबा पहिल्या माचीपर्यंत, म्हणजे शिडीवरच्या उभं राहायच्या पहिल्या फळ्यांपर्यंत, मी पोचवायची. तू नाही, मी. तुला तेव्हा मिशा फुटल्या होत्या आणि तू खाली बसून रंगाचे डबे ढवळायचास. काकाने मला शिकवलं होतं की पायाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. पाय घाबरट असतो, हात नसतो. बाकी घरात मला कुणी काही शिकवलं असेल तर मला आठवत नाही.

टोळीचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच मोडायची कुणाची छाती नव्हती. बोल्ट ज्याने आवळायला घेतला त्यानेच पुरा करायचा, आणि पुढे कधी सोडायची वेळ आली तर सोडायचाही त्यानेच. तो नसेल तर त्याच्या रक्ताच्या माणसाने. परक्या हाताचा सांधा माणूस मागतो, असं म्हणायचे. तू या नियमावर भाषणं दिली आहेस. टाळ्याही घेतल्यास. नियम तुला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे, फक्त त्यात तू कुठे बसतोस ते जरा विसरला आहेस.

काका पडला तेव्हा तो दुसऱ्या माचीच्या वरचा सांधा आवळत होता. पट्ट्याचा आकडा एका दांड्यावरून दुसऱ्यावर घालताना माणूस क्षणभर कशालाच बांधलेला नसतो, नेमका त्या क्षणाला वारा आला. तो खाली आला, पण त्याचा पाना दोरीने दांड्याला बांधलेला होता, तो वरच राहिला. वारा सुटला की पाना लोखंडावर आपटायचा. टण. जरा वेळाने पुन्हा टण. वस्तीत जेवताना, कपडे धुताना, रडताना तोच आवाज. टोळी म्हणाली, रक्ताचं माणूस वर जाऊन तो बोल्ट पुरा करून पाना खाली आणेल, तेव्हाच आम्ही शिडीला हात लावू. साहेब लोक म्हणाले, काम सुरू करा नाहीतर दुसरी टोळी आणतो. बाबांना भाऊ गेल्याचं दुःख किती झालं मला सांगता येणार नाही. काम अडल्याचं मात्र त्यांना खूपच झालं. काकाला मूलबाळ नव्हतं, बाबांच्या हाताला पकड नव्हती. राहिलास तू.

त्या सकाळी इतकं धुकं होतं की पत्र्याच्या खोल्यांतून मनोऱ्याचा पायथासुद्धा दिसत नव्हता. ते धुकं तुझं पहिलं नशीब. टोळी शेडमध्ये चहा पीत तुझी वाट बघत होती आणि तू पहिल्या माचीच्याही खाली शिडीला मिठी मारून, डोळे गच्च मिटून, विजार ओली करून बसला होतास. बाबा वर आले आणि तुझं एकेक बोट त्यांनी शिडीवरून सोडवलं. दोन बोटांच्या हाताने दहा बोटं सोडवायची म्हणजे वेळ लागतोच. तुला मी त्याबद्दल कधी हसले नाही. घाबरणं हा काही गुन्हा नव्हे. आज हसते आहे, कारण तू न घाबरलेला माणूस म्हणून अख्खं आयुष्य काढलंस.

मग बाबा खोलीवर आले. माझी वेणी धरली आणि पत्रा कापायच्या कात्रीने मुळापासून कापली. ती कात्री केसांवर नीट चालत नाही, ओढून ओढून कापावं लागतं. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, तिने मान वळवली नाही. पुढे तिच्या आजारपणात मी तिचं सगळं केलं, हागणं-मुतणंसुद्धा काढलं, पण माफ नाही केलं, आणि हे तिला शेवटपर्यंत माहीत होतं. तुझा डगला आणि सुकी विजार माझ्या अंगावर चढवून बाबा एवढंच म्हणाले की नाही जमलं तर खाली येऊ नकोस. बस्स. घाबरायलासुद्धा सवड दिली नाही त्यांनी. टोळीने धुक्यातून एक टोपी आणि एक डगला शिडीवर चढताना पाहिला आणि तो तू आहेस असं धरून चालली. मुकादमाचा मुलगाच चढणार, मुलगी कशी चढेल!

वर गेल्यावर धुकं खाली राहिलं आणि ऊन लागलं. लोखंड इतकं गार होतं की तळहात चिकटत होते. मनोरा हलतो हे मला माहीत होतं, पण तो श्वास घेतल्यासारखा हलतो हे माहीत नव्हतं. पाना काकाने सोडला तिथेच होता, त्याच्या मुठीला त्याने गुंडाळलेली चिंधीही होती. तिला त्याच्या घामाचा वास येत होता. मी रडले, मग बोल्ट आवळला. सगळं अंग टाकावं लागलं, तेव्हा कुठे तो बसला. आणि दांड्याला टांगलेल्या डब्यातल्या रंगाचा ठिपका मी अंगठ्याने दिला. तू तुझ्या भाषणात ब्रशने दिला म्हणतोस. ब्रश काकाबरोबर खाली गेला होता, शहाण्या. जो वर गेलाच नाही त्याला हे कसं कळणार?

खाली आले तर बाबांनी अंगावर घोंगडी टाकून मला शेडच्या मागे नेलं. माझ्या अंगावरचा डगला काढून तुला घातला, पाना तुझ्या हातात दिला आणि तुला पुढच्या बाजूने बाहेर ढकललं. पत्र्याला एक भोक होतं. त्यातून मी पाहिलं, टोळीने तुला खांद्यावर घेतलं होतं आणि तू हसत होतास. आधी कसंनुसं, मग चांगलंच. मनोरा पुरा झाल्यावर पहिल्या कार्यक्रमात तुझी मुलाखत लागली तेव्हा मी डोक्याला फडकं बांधून आतल्या खोलीत बसले होते. केस वाढेपर्यंत मला बाहेर पडायची बंदी होती. विषमज्वर झाला असं शेजारी सांगितलं होतं. ते ऐकून माझं ठरत आलेलं लग्न मोडलं, कारण दुखणाईत मुलगी कुणाला हवी असते? मग दोन मुलांचा बाप असलेला तो शिंपी पाहिला. माणूस वाईट नव्हता, असं मी लोकांना सांगते.

तुला कंपनीने चिकटवून घेतलं, मग बढती, मग केबिन. आयत्या बिळावरचे नागोबा मी पुष्कळ पाहिले, पण बिळाचा इतिहास सांगत हिंडणारा तू एकटाच. लिफ्टमध्येसुद्धा तू बुटांकडे बघत उभा राहायचास. मला लिफ्टवाल्यानेच सांगितलं, त्याची बायको माझ्या नवऱ्याकडे कपडे शिवायला द्यायची. तरी मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ बाबांनी झाकलेली. तू माझं नाव घेतलं नाहीस ते मी गिळलं. पण त्या पोरीच्या कमरेचा पट्टा तू सोडवलास, तोही मी चढले त्याच मनोऱ्यावरून, तेव्हा मला आतून काहीतरी उसळून आलं. राग म्हण. मला तो शब्द पुरत नाही.

आता मी काय केलं ते ऐक. वरचे तुकडे उतरवून टोळी काकाच्या सांध्यापर्यंत आलीय. लिफ्ट सगळ्यात आधी काढली, शिडी तेवढी शिल्लक आहे. तुझा बेत मला नातीकडून कळला: यारीच्या, म्हणजे क्रेनच्या पाळण्यात बसून पहिल्या माचीपर्यंत जायचं, हात हलवायचा, फोटो काढून घ्यायचा. मी गुडघे धरत धरत आताच्या मुकादमाला जाऊन भेटले. तोही नियम पाळणारा माणूस आहे. त्याला म्हटलं, माझ्या भावाची एक इच्छा आहे, संकोचामुळे तो बोलत नाही. त्याला त्याच शिडीने चढून तो बोल्ट स्वतःच्या हाताने सोडायचाय. मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं रे. मोठे साहेबही खूश झाले. तुझ्यापुढे एक माणूस, मागे एक, अंगाला दोन पट्टे. पडायची सोय ठेवलेली नाही. छाती दुखते म्हणू नकोस, वाढदिवसाला डॉक्टरांचं सर्टिफिकेट तूच सगळ्यांना वाचून दाखवलंस. हे पत्र आजच हातोहात तुझ्याकडे पोचेल, आणि तू शिडी चढणार हे आज संध्याकाळीच रेडिओवर सांगणार आहेत. घोडामैदान जवळच आहे.

नियमात एक पळवाट आहे, ती तुझ्या लक्षात आली असेलच. ज्याने आवळलं तो नसेल तर त्याच्या रक्ताच्या माणसाने सोडावं, आणि माझे गुडघे आता असून नसल्यासारखेच आहेत. पोर पट्टा बांधून शिडीपाशी उभी राहणार आहे. तुझ्या भिंतीवरचा काकाचा पाना तू तिच्या हातात देऊ शकतोस. फक्त ती तो लगेच घेणार नाही. आधी विचारणार आहे की आजोबा, हा बोल्ट कुणी आवळला होता? माइक चालू असेल. तिला मी सगळं सांगितलंय. ती रडली नाही, तिने माझा अंगठा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, आत्याआजी, पाना कुठल्या हाताने धरलास? तेव्हाच मला कळलं की ही चढेल.

तुला वाटेल, ताईने आधी कळवलं, म्हणजे अजून माया आहे, विचार करायला अवधी देते आहे. अवधी देते आहे हे खरं. तोंडावर कळलं असतं तर तू एकदाच घाबरला असतास, पाच मिनिटं, आणि लोकांनी तुला सावरलं असतं. आज सोमवार. रविवारपर्यंत तू जेवायला बसशील तेव्हा ती शिडी समोर असेल, डोळे मिटशील तेव्हा पाना वाजेल, तुझी बोटं आपोआप खुर्चीचा हात घट्ट धरतील आणि ती सोडवायला बाबा नसतील. बाबांनी मला घाबरायला क्षणाचीही सवड दिली नव्हती. तुला मी अख्खा आठवडा देते आहे. पुरवून पुरवून वापर.

तुझीच,
रविवारी पायथ्याशी खुर्ची टाकून बसणारी
ताई