वरची साडी

१४ जाने., जळगाव
भुसावळचं स्थळ नाकारलं. मुलगा रेल्वेत, बोलायला नीट. अट एकच, लग्नानंतर नोकरी सोडायची. नानांना फोन करून सांगितलं. चिडतील वाटलं होतं. "बरं," एवढंच म्हणाले. वडिलांचं हे 'बरं' मला कळत नाही.

२ फेब्रु.
लॅबमधलं कंत्राट मार्चअखेर संपतं. साहेब म्हणाले, बघू. म्हणजे नाही.
दिवसभर प्रेशर गेज तपासले. शेजारी अचूक मापाचा मास्टर गेज जोडला तरच चूक कळते. स्थळांसाठी तसं काही नाही.

९ फेब्रु., धुळे
नानांनी सोनगीरचं स्थळ बोलावलं. चाळिशीच्या पुढचा. चालून दाखवायला लावलं. पगार विचारला, मग तो कोणाच्या खात्यात जमा होतो तेही. त्याची आई माझ्यासमोरच नानांना म्हणाली, "पोर काळी शे, पन चाली जाई."
परतीच्या एसटीत भुसावळचा आठवत होता. पाण्याचा ग्लास त्याने स्वतः उठून घेतला होता. तेव्हा मोजलं नव्हतं.

१२ फेब्रु., जळगाव
नानांना म्हटलं, भुसावळला परत विचारा. या वेळीही "बरं".
अट तीच आहे. माणूस तोच. मग बदललं काय?

२३ फेब्रु., धुळे
लग्नसराई, म्हणून नानांच्या साड्यांच्या दुकानात मदतीला बसले. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे नाना आधी तीच विटकी मोरपंखी साडी टाकतात. बाई नाक मुरडते, दुसरी घेऊन जाते. मोरपंखी परत गठ्ठ्यावर. मी म्हटलं, ही एकदाची काढून टाका. जुने नोकर सुपडूभाऊ हसले. "ताई, ती विकायची नसते. ती दाखवायची असते."
मीही हसले. मग हसू थांबलं.
जेवताना नानांना विचारलं, "सोनगीरचं स्थळ होईल असं तुम्हाला वाटलं होतं?"
त्यांनी भाकरीची टोपली माझ्याकडे सरकवली. मग, "भाकर ले."

२४ फेब्रु., जळगाव
गेजची चूक कळली की वजा करता येते. सोनगीर वजा करून पाहिलं. भुसावळचा तरीही बराच वाटतो. नानांवर राग धरावा तर तोही पुरेसा येत नाही.

१ मार्च, धुळे
उद्या भुसावळची मंडळी येणार. नेसायला नानांनी दुकानातून साडी आणली. पसंत आहे का विचारलं. एकच आणली आहे, शेजारी ठेवून बघायला दुसरी नाही.
घडी अजून मोडलेली नाही.