मिश्रीची डबी परत पाठवतेय

घाटकोपर,
९ जानेवारी १९८४

ती. आईस सुलक्षणाचा नमस्कार. बाळ पोटात छान हलतंय, तेव्हा पुढचं न घाबरता वाच.

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं असं मी कळवलं, तर तू ब्रश सोड म्हणून लिहिलंस आणि सीताराममामांबरोबर घरी भाजलेली मिश्री पाठवलीस. दोन दिवस लावली, खोटं कशाला बोलू? तोंडाला बरं वाटलं, पण हिरड्या जास्तच सुजल्या. मग ह्यांनी स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई जाम ओरडल्या. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती बाळालाही बाधते म्हणाल्या. दिवस गेले की पुष्कळ जणींच्या हिरड्या सुजतात, म्हणून ब्रश सोडायचा नाही, उलट मऊ ब्रशने दोन वेळा घासायचं. त्यांनी दात साफ करून दिले. जरा ठणकलं, पण आता रक्त कमी आहे. जेवतेही नीट.

बाबांचा खोकला कसा आहे? म्हैस व्याली का?

डबी मामांबरोबर परत पाठवतेय. रागावू नकोस, आणि तूही ती लावू नकोस. बाळंतपणाला येशील तेव्हा तुझे उरलेले दातही बाईंना दाखवू.

आणखी एक. मी बाईंना विचारलं, पोटातलं पोर आईचे दात खातं का? त्या म्हणाल्या, छे, हिरड्यांची हेळसांड होते म्हणून दात पडतात.

माझ्या वेळी तुझ्या दोन दाढा गेल्या, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या मी खाल्ल्या नव्हत्या गं आई.

तुझी,
सुलू