बाबांच्या गाडीला टर्बो

शास्त्रज्ञसाहेब,

तुमच्या टर्बोच्या खोक्यावरच लिहितेय. घरातला एकही कागद तुमच्या तेलकट हातांतून वाचलेला नाही.

बाबांना डोळ्याच्या ऑपरेशनला टॅक्सीने नेतेय. निघालो होतो गाडीनेच, पण कोपऱ्यावरच्या चढावर इंजिन खडखडलं आणि जॅम झालं; गाडी तिथेच सोडून घरी परत आलो. तेल संपल्याचा लाल दिवा लागलाच नाही. लागणार कसा? टर्बोला तेल पुरवायला तू दिव्याचा सेन्सर काढून त्याच भोकात नळी खुपसलीस. ती नळी निसटली आणि सगळं तेल रस्त्यावर गेलं. आणि कालच मला ऐकवत होतास, "ताई, दिवा लागत नाही म्हणजे इंजिन ठणठणीत!" धन्य तुझी अक्कल. असल्या जुन्या, साध्या इंजिनाला शर्यतीत पळवायला निघाला होतास.

जेवण फ्रिजमध्ये आहे. गरम करताना शेगडीत काही सुधारणा करू नकोस.

बाबांना धूसर दिसतं, म्हणून रस्त्यावरचं तेल दिसलं नाही. पंक्चर आहे, असं मी सांगितलंय. उद्या डोळ्यावरची पट्टी सुटली की आधी गाडी बघणार, म्हणतात. पट्टी सोडताना हजर राहा. पंक्चर नव्हतं, हे त्यांना तू सांगायचंस. आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत बघायचंस.

ताई